दोन आवाजांचा दरवाजा

शिखर गाडीचा डावा मागचा दरवाजा लावताना दोन आवाज यावे लागतात. आधी एक बारीक ‘टक’ आणि त्याच्या पाठोपाठ एक भरीव ‘ठप’. पहिल्या आवाजाला दरवाजा नुसता अडकतो, दुसऱ्याला तो खरा बंद होतो. ही गोष्ट शिखर विकत घेणाऱ्या लाखो लोकांना माहीत नाही आणि त्यांना ती माहीत असायची गरजही नव्हती. चाकणच्या कारखान्यात चौदा नंबरच्या स्टेशनवर सयाजी हुंबे उभा असायचा आणि दुसरा आवाज कानावर पडल्याशिवाय तो गाडीला पुढं जाऊ देत नसे.

सयाजी मूळचा भूम तालुक्यातला. आयटीआय करून फिटर झाला, तेविसाव्या वर्षी पिंपरीला आला, काही वर्षं लहानसहान वर्कशॉपमधून हात काळे केले आणि चाकणला ही कंपनी आली तसा तिथं चिकटला. शिखरची पहिली गाडी लाइनीवरून उतरली तेव्हाचा एक फोटो कॅन्टीनमध्ये लावलेला आहे. हार घालणाऱ्या साहेबांच्या मागं जे सात-आठ कामगार अर्धेमुर्धे दिसतात, त्यांत एक कान सयाजीचा आहे. आता तो पंचावन्नचा झालाय. उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली उतरलाय, कारण दरवाज्यांना तो तोच खांदा लावत आला.

स्वभावानं सयाजी भित्रा. घरातून निघताना गॅसचं बटण तीनदा बघणार, साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं की आधी बाथरूमला जाऊन येणार, अनोळखी नंबरवरून फोन आला की तो बायकोच्या, कौशल्याच्या, हातात देणार. कौशल्याला याचा फार वैताग यायचा. कारखान्यात मात्र या भित्रेपणाचं सोनं झालं. निर्धास्त माणूस दरवाजा एकदा लावून बघतो, सयाजी चारदा लावून बघायचा.

शिखरला एकोणीस वर्षं झाली होती. मधून मधून कंपनीनं तिचं तोंड रंगवलं, दिवे बदलले, पुढची जाळी बदलली, आत भलामोठा स्क्रीन बसवला. पण हाडं तीच राहिली. सरपंचापासून लग्नाच्या वऱ्हाडापर्यंत सगळ्यांना शिखरच हवी असायची, त्यामुळं तिला मुळातून बदलायचं धाडस कुणी करेना. इकडं तिचा पत्रा दाबून घडवणारे पोलादी साचे मात्र झिजत चालले होते. झिजल्या साच्यातून निघालेला दरवाजा कडेला दोन-अडीच मिलिमीटर फुगायचा. असा दरवाजा दणकून आपटला तर बसायचा, पण हलक्या हातानं लावला की ‘टक’ करून तिथंच अडकायचा. बघणाऱ्याला वाटावं, लागला. गाडीतला दरवाज्याचा लाल दिवासुद्धा विझायचा, कारण या जुन्या गाडीत दिव्याचं बटण दरवाज्याच्या चौकटीतल्या खांबावर आहे आणि दरवाजा नुसता टेकला तरी ते दाबलं जातं.

सयाजीकडं यावर इलाज होता. फडकं गुंडाळलेला बाभळीचा एक ठोकळा तो दरवाज्याच्या खालच्या कोपऱ्यात अडकवायचा, वरच्या कोपऱ्याला खांदा लावायचा आणि एकच दाब द्यायचा. मग खांबावरची कडी केसभर सरकवायची. टक, ठप. दोन मिनिटं चाळीस सेकंदांत गाडी पुढच्या स्टेशनला. हे त्यानं कुणाकडून शिकलेलं नव्हतं आणि कुणाला शिकवलंही नव्हतं.

कारखान्याचा नियम असा, की हातानं दुरुस्त केलेल्या प्रत्येक गाडीच्या काचेवर पिवळं कार्ड चिकटवायचं. कार्डावर तीन रकाने: गाडीचा नंबर, दोष, दुरुस्त करणाऱ्याचं नाव. आणि इथंच आपल्या सयाजीनं ती गोष्ट केली, जी करायला नको होती. गेल्या आठ वर्षांत त्यानं एकही कार्ड चिकटवलं नव्हतं.

त्याला कारण चिमाजी. सयाजी राहतो त्या पुनावळ्याचाच हा चिमाजी, पिढीजात. पूर्वी तो याच कंपनीत ‘सारथी’ नावाच्या व्हॅनच्या लाइनीवर होता. सारथीचे साचेही असेच झिजले, आणि त्या लाइनीवरच्या लोकांनी नियमाप्रमाणं कार्डं लावली. आठ वर्षांपूर्वी एका मीटिंगमध्ये ती कार्डं मोजली गेली, गाडी म्हातारी झाली असं ठरलं, आणि नवी करण्याऐवजी ती बंदच केली. माणसं पांगली. चिमाजी आता सयाजीच्या सोसायटीच्या फाटकावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या सह्या घेतो.

“आमी इमानदारीनं कार्डं लावली,” तो तेव्हा सयाजीला म्हणाला होता, “अन् त्यांनी त्या कार्डांची माळ करून आमच्याच गळ्यात घातली. तू न्हाई लावायची. हाय ते हातानं नीट कर अन् गप ऱ्हा.”

सयाजीनं ते मनावर घेतलं. त्यानं हातात पुसायचं फडकं धरायला सुरुवात केली. ठोकळा फडक्यात, कडी सरकवायचा पाना फडक्याखाली. लांबून बघणाऱ्याला वाटे, माणूस गाडी पुसतोय. कागदावर चौदा नंबरच्या दुरुस्त्या शून्य झाल्या आणि शून्यच राहिल्या. वरचे साहेब खूश, लाइनचा इंजिनिअर खूश. एका वर्षी तर ‘शून्य दोष’ असं कोरलेली स्टीलची पाण्याची बाटली सयाजीला बक्षीस मिळाली. ती घेताना त्याला दरदरून घाम फुटला होता. टाळ्या वाजवणाऱ्यांना वाटलं, गडी लाजला.

अठ्ठावन्नला निवृत्ती, म्हणजे अजून तीन वर्षं. शिखरनं तेवढा तग धरावा, एवढंच त्याचं देवाकडं मागणं होतं. नवी शिखर आली की नवी लाइन येणार आणि नव्या लाइनीवर दरवाजे रोबो बसवणार, हे सगळे जाणून होते. सयाजीला दरवाज्यांशिवाय दुसरं काही येत नव्हतं.

असं असताना एका सोमवारी सकाळच्या मीटिंगमध्ये निरंजननं सांगितलं, “उद्यापासून हेड ऑफिसच्या नीलिमा मॅडम तीन दिवस आपल्या लाइनवर आहेत. शिखर नव्यानं करायची ती पुढच्या वर्षी, की तीन वर्षांनी, याचा रिपोर्ट त्या देणार. विचारलं तेवढंच बोलायचं. आपणहून ज्ञान पाजळायचं नाही.” निरंजन म्हणजे लाइनचा इंजिनिअर. तिशीतला, मनानं वाईट नाही, पण वरच्यांच्या नजरेत भरायची भलती घाई असलेला.

त्या दिवशी सयाजीचा डबा जसा नेला तसाच घरी परत आला.

“काय व्हायलंय तुमाला?” कौशल्यानं डब्याचं झाकण उघडून विचारलं. “भेंडी आवडती म्हणून केली, अन् तशीच घेऊन आले.”

“पोट बरं नाही.”

“पोट नाही, डोस्कं बरं नाही तुमचं. आता ऐका, चांगली बातमी हाय. वर्षालीचा फोन आला हुता. ज्ञानेशरावांनी गाडी बुक केली. शिखर! दसऱ्याला दारात येणार. म्हणायलेत, आमच्या गाडीचे दरवाजे मामांच्याच हातचे पायजेत.”

वर्षाली त्याची एकुलती एक मुलगी. जावई देहूरोडला दारूगोळ्याच्या कारखान्यात नोकरीला, आणि त्यांना तीन वर्षांची सई. सईला कुठल्याही गाडीत डाव्या खिडकीशीच बसायचं असतं, काचेला नाक लावून, सगळं अंग दरवाज्यावर टाकून. सयाजीला क्षणभर बरं वाटलं, आणि दुसऱ्याच क्षणी अंगावर काटा आला. लाइनीवरून जाणारी कुठली गाडी कुणाच्या दारात उभी राहणार, हे तिथं कुणालाच कळत नाही. त्यातली कुठलीही ज्ञानेशची असू शकत होती.

नीलिमा मॅडम चाळिशीच्या, शांत. कामगारांसारखेच जाडजूड बूट घालून त्या लाइनीवर आल्या आणि हातात मोबाइलचं घड्याळ लावून एकेका स्टेशनला तासन्‌तास उभ्या राहिल्या. चौदा नंबरला त्या आल्या तेव्हा सयाजीनं फडक्याची दोनदा घडी करून ती पुन्हा उलगडली. पण हात एकोणीस वर्षांचे सरावलेले. फडकं फिरलं, खांदा टेकला, पाना फिरला, टक, ठप. मॅडमनी वेळ टिपून घेतली. दोन दिवस त्या टिपत राहिल्या आणि सयाजी पुसत राहिला.

तिसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत त्या कागदी कप घेऊन त्याच्याशेजारी लाकडी फळीवर येऊन बसल्या. दहा पावलांवर निरंजन उभा होता, कान इकडं लावून.

“काका, शिखर किती वर्षं बघताय?”

“पहिल्या गाडीपासून, मॅडम.”

“मग तुम्हीच सांगा. बदलायला झालीय का?”

“लोक अजून मागतात की.”

“मागतात म्हणून तर विचारतेय,” त्या म्हणाल्या. “मागणं थांबल्यावर नवी करून उपयोग नसतो, तोवर लोक दुसऱ्याच्या शोरूममध्ये गेलेले असतात. आणि घाई केली, तर चालती गाडी आपणच बंद पाडली असं होतं. खपाचे आकडे मला काही सांगत नाहीत. ते अजून छानच आहेत. गाडी म्हातारी झाली हे गिऱ्हाइकाला सगळ्यांत शेवटी कळतं, काका. आधी कळतं ते लाइनवरच्या हाताला. म्हणून तुम्हाला विचारते. या दरवाज्यांना तुम्हाला काही करावं लागतं का?”

असं सरळ त्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं. सगळं सांगून टाकावं, असं त्याला एक क्षण अगदी आतून वाटलं. मग डोळ्यांसमोर ती प्लास्टिकची खुर्ची आली. निरंजन खाकरला.

“पुसायला लागतं, मॅडम,” सयाजी म्हणाला. “बाकी काही नाही.”

मॅडमनी त्याच्या उतरलेल्या खांद्याकडं जरा जास्तच वेळ पाहिलं आणि वहीत काहीतरी लिहिलं.

पुढचे तीन आठवडे सयाजीचा जीव टांगणीला लागला. कुणी हाक मारली तरी दचकायचा. कंपनीच्या बसमध्ये कुणी हळू आवाजात बोलू लागलं की याला वाटे, निकाल लागला. शेवटी एका दुपारी सगळ्यांना कॅन्टीनमध्ये बोलावलं आणि मोठ्या साहेबांनी जाहीर केलं: शिखर आहे तशी अजून तीन वर्षं चालणार! टाळ्या पडल्या, पेढे वाटले. सयाजीला रडूच फुटायचं बाकी होतं. दोन पेढे त्यानं कागदात बांधून घेतले, एक कौशल्याला आणि एक चिमाजीला. त्या रात्री तो कित्येक दिवसांनी पोटभर जेवला.

दुसऱ्या दिवशी निरंजननं त्याला केबिनमध्ये बोलावलं.

“अभिनंदन, काका. तुम्हाला स्टोअरला घेतलंय. बसून काम. पगार तोच, आणि निवृत्तीपर्यंत कुणी हलवणार नाही.”

“अन् चौदा नंबरला कोण?”

“चौदा नंबर बंद. मॅडमच्या रिपोर्टमध्ये आहे, आठ वर्षांत तिथं एकही दुरुस्ती नाही, माणूस फक्त गाडी पुसतो. ते स्टेशन काढलं की लाइनचा वेग वाढतो. त्या जोरावरच तर तीन वर्षं मिळाली.”

सयाजीनं मागितलं होतं ते सगळं मिळालं होतं, तीन वर्षं, वर खुर्ची. आणि यापुढं शिखरच्या मागच्या दरवाज्याला दुसरा आवाज येतो की नाही, हे ऐकायला तिथं कुणी उभं राहणार नव्हतं.

“साहेब, पण दरवाजे...”

“काय दरवाजे?” निरंजननं केबिनचं दार लोटून घेतलं. त्याला माहीत होतं का? जेवढं माहीत असून खुर्चीला धक्का लागत नाही, तेवढं माहीत होतं. “काका, तुम्हीच म्हणालात ना मॅडमना, पुसायला लागतं? आता दुसरं काही बोललात तर पहिला प्रश्न येईल, आठ वर्षांची कार्डं कुठायत. चौकशी लागेल. तुमची जाईल, माझीही जाईल.” मग आवाज खाली आणून म्हणाला, “बुधवारी चौदा नंबरशिवाय लाइन चालवून बघायची ट्रायल आहे. मॅडम येणार. त्या दिवशी तुम्ही अलीकडं बारा नंबरला उभं राहा, तिथून जो हात फिरवायचा तो फिरवा. ट्रायल पास झाली की सुटलो.”

“अन् त्यानंतरच्या गाड्या?”

“पुढचं पुढं बघू.”

एक गोष्ट सयाजीनं कौशल्यालाही कधी सांगितली नव्हती. चार वर्षांपूर्वी पुतण्याच्या लग्नासाठी त्यानं एक दिवस सुट्टी घेतली. परत आला तेव्हा आदल्या दिवशीची एक गाडी कारखान्यातल्या चाचणीच्या रस्त्यावर न्यायची होती, आणि कुठंसं काही वाजतंय का ते ऐकायला त्यालाही सोबत घेतलं. मागच्या सीटवर हत्यारांची पिशवी ठेवली होती. शेवटच्या वळणाला गाडी कलली, पिशवी सरकत डाव्या दरवाज्याला टेकली, आणि दरवाजा सताड उघडला. पिशवी रस्त्यावर पडून दोन-तीन कोलांट्या खात मागं राहिली. ड्रायव्हर हसला, “लागला नव्हता वाटतं नीट.” सयाजी हसला नाही. त्या दिवसापासून त्यानं एकही सुट्टी घेतली नव्हती. सख्ख्या मावशीच्या दहाव्यालासुद्धा तो गेला नाही, आणि गावाकडचे लोक त्याला माणूसघाणा म्हणू लागले ते तेव्हापासून.

त्या संध्याकाळी कंपनीची बस देहूरोडजवळ गर्दीत अडकली. शेजारी एक पांढरी शिखर उभी होती. मागं एक आजीबाई मांडीवर नातवाला घेऊन दरवाज्याला रेलून झोपल्या होत्या. सयाजीची नजर दरवाज्याच्या फटीवर गेली. वर-खाली सारखी होती. त्याच्याच हातची. त्याला हायसं वाटलं नाही. त्याला दसऱ्यानंतरच्या अशाच एखाद्या संध्याकाळी इथंच उभी असलेली दुसरी शिखर दिसू लागली, आणि तिच्या दरवाज्याला रेललेली सई. बस हलली तरी तो खिडकीचा गज घट्ट धरून बसला होता. शेजारच्यानं विचारलं, “काय राव, मळमळतंय का?”

फाटकावर चिमाजी होता. सयाजीनं त्याला उभ्या उभ्या सगळं सांगितलं, पिशवीचंसुद्धा.

“मग झालं की तुजं काम!” चिमाजी म्हणाला. “खुर्ची मिळाली ना? बस गप. जगाचा मक्ता तू घेतलायस व्हय? मी म्हनतो त्ये ऐक, तोंड उघडलंस तर माज्याशेजारी दुसरी खुर्ची टाकावी लागंल.”

सयाजी जिन्याकडं वळला तसा चिमाजीनं मागून विचारलं, “जावयाची गाडी कवा यायची म्हनालास?”

“दसऱ्याला.”

चिमाजीनं सह्यांची वही उघडली, मिटली, पुन्हा उघडली.

बुधवारी चौदा नंबर मोकळं होतं. सयाजीचं स्टूल हलवलेलं, फडक्याचा डबा उचललेला. तिथं नीलिमा मॅडम वही घेऊन उभ्या होत्या. सयाजी बारा नंबरला उभा राहिला, खिशात ठोकळा, हातात फडकं. आठ वाजून दहा मिनिटांनी पहिली गाडी सरकत आली. करड्या रंगाची. निरंजननं भुवया उडवून खूण केली.

सयाजीनं दरवाज्याला हात लावला. फुगवटा बोटांना लगेच लागला, नेहमीपेक्षा थोडा जास्तच. एक दाब, एक पाना, बस. मॅडमना काही कळणार नव्हतं, चौकशी होणार नव्हती, खुर्ची पक्की होती. ही गाडी ठीक जाईल, ही आणि आजच्या सगळ्या. आणि उद्याच्या?

त्यानं फडकं खाली ठेवलं आणि दोन्ही हात पाठीमागं बांधले. याला कुणी शौर्य म्हणू नये. सयाजी त्या क्षणीही घाबरलेलाच होता, आयुष्यात कधी नव्हता इतका. फक्त खुर्ची जाण्याच्या भीतीपेक्षा त्या रस्त्यावर कोलांट्या खाणाऱ्या पिशवीची भीती मोठी झाली होती. गाडी त्याच्यासमोरून पुढं निघाली. निरंजनचा चेहरा पांढरा पडला.

गाडीमागं चालत सयाजी चौदा नंबरला आला.

“मॅडम, हा दरवाजा लावून बघा,” तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही. “आपटू नका. तीन वर्षांची पोरगी लावंल तसा लावा.”

मॅडमनी तळहातानं दरवाजा लोटला.

टक.

सयाजी दुसऱ्या आवाजाची वाट बघत राहिला. खरंच बघत राहिला. एवढ्या वर्षांची सवय. तो आला नाही.

“लागलाय की, काका,” निरंजन घाईघाईनं म्हणाला. “दिवापण गेला. बघा, मॅडम.”

“मॅडम, तुम्ही आत बसा,” सयाजी म्हणाला. “उजवीकडनं जा. अन् इकडं सरकून नुसता खांदा टेकवा या दरवाज्याला.”

मॅडम आत बसल्या, सरकल्या आणि खिडकीला रेलल्या. दरवाजा आवाज न करता उघडला. त्या बाहेर कोसळल्या असत्या, पण सयाजीनं आधीच तिथं आपला उतरलेला खांदा लावून ठेवला होता.

सावरून खाली उतरल्यावर त्यांनी वरची दोरी ओढली. लाइन थांबली. साखळ्यांची घरघर, पान्यांची करकर, सगळं एकाएकी गप्प झालं आणि दोनशे माणसं मान वळवून चौदा नंबरकडं बघू लागली. सयाजी आठ वर्षं याच शांततेला भीत आला होता.

“हे कधीपासून?” मॅडमनी विचारलं.

“आठ वर्षं झाली. हळूहळू वाढत गेलं.” त्यानं खिशातल्या ठोकळ्यावर हात ठेवला. “मी तुमच्याशी खोटं बोललो, मॅडम. पुसत नव्हतो मी.”

“आठ वर्षांत किती गाड्या अशा?”

“सगळ्याच.”

त्यानं खिशातला ठोकळा काढला, खालच्या कोपऱ्यात ठेवला, खांदा लावला, दाब दिला. कडी सरकवली. मग बोटाच्या टोकानं दरवाजा लोटला. टक, ठप. मॅडम त्याच्या हाताकडं बघत होत्या. त्यांनी ठोकळा मागून घेतला, बाभळीचं ते लाकूड मधोमध अंगठ्याएवढं झिजलं होतं. त्यांनी त्या खोलगट जागेवरून दोनदा बोट फिरवलं.

“हिला अजून तीन वर्षं देता येणार नाहीत,” शेवटी त्या म्हणाल्या. “मला आजच वर सांगावं लागेल.”

“व्हय.”

“कार्डं का नाहीत हेही सांगावं लागेल. कुणाचं काम होतं, तेही.”

“व्हय, मॅडम.” मग न राहवून त्यानं विचारलं, “नव्या गाडीलासुद्धा दरवाजे असतीलच की?”

“असतील,” मॅडम म्हणाल्या. त्यापुढं त्यांनी काही शब्द दिला नाही, आणि सयाजीनंही मागितला नाही.

निरंजन कुठंतरी फोन लावत दूर निघून गेला होता. स्टेशनच्या खांबाला कार्डांची पत्र्याची पेटी अजून टांगलेली होती. सयाजीनं तिचं झाकण उघडलं. वरची कार्डं धुळीनं मळली होती, खालची कोरी करकरीत पिवळी. त्यानं एक काढून घेतलं, गाडीच्या बॉनेटवर ठेवलं आणि खिशातलं पेन काढलं. पहिल्या रकान्यात गाडीचा नंबर लिहिला. दुसऱ्यात लिहिलं, ‘डावा मागचा दरवाजा, लागत नाही.’ तिसऱ्या रकान्यापाशी तो जरा थांबला, आणि मग आठ वर्षांत पहिल्यांदा तिथं स्वतःचं नाव लिहिलं. अक्षरं मोठी आली, त्यामुळं ‘हुंबे’ रकान्याच्या बाहेर गेलं.